वाचकांचे प्रश्न : घरच्या सुतारकामासाठी पिलर ड्रिल

पिलर ड्रिल म्हणजे उभ्या खांबावर बसवलेले, भोके पाडायचे मशीन. त्याबद्दल आलेली पत्रे या अंकात एकत्र घेतली आहेत. पत्रे बरीच लांब होती. प्रश्न तेवढे ठेवून बाकीचा मजकूर कमी केला आहे.

निवृत्तीनंतर घरामागच्या मांगरात सुतारकाम सुरू करतो आहे. सागवान, फणस आणि प्लायवूड. कपाटे, पाट, देव्हारा, एवढेच काम. रत्नागिरीच्या एका दुकानात १३ मि.मी. आणि २० मि.मी. अशी दोन पिलर ड्रिल दाखवली. दुकानदार म्हणतो, वीसचेच घ्या, नाहीतर पुढे पस्तावाल. काय करावे? – वाचक, देवगड

दुकानदार लोखंडाचा हिशेब सांगतो आहे. १३, २०, २५ हे आकडे म्हणजे त्या मशीनने साध्या पोलादात किती मोठे भोक पाडता येते त्याची मर्यादा. लाकडाचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. कपाटाच्या ऑटो हिंजसाठी ३५ मि.मी.चे भोक लागते, पण ते पाडणाऱ्या फोर्स्टनर बिटचा (सपाट तळाचे रुंद भोक पाडणारे बिट) दांडा ८ किंवा १० मि.मी.चाच असतो. १३ च्या चकमध्ये (बिट आवळून धरणाऱ्या जबड्यांत) तो सहज बसतो.

लाकूडकामासाठी आधी विचारायचे ते असे: मशीनचा सर्वांत कमी वेग किती? बिट जितके रुंद, तितकी त्याची कड मिनिटाला जास्त अंतर कापते. ३५ मि.मी.चे बिट मिनिटाला ५०० फेऱ्यांनी फिरले तर कड ५५ मीटर जाते. तेच २८०० फेऱ्यांवर लावले तर ३०० मीटरच्या वर. फोर्स्टनरची बाहेरची कड कापण्यापेक्षा घासतेच जास्त, म्हणून वेग वाढला की फणसाच्या लाकडातून धूर येतो, भोकाची भिंत काळी पडते आणि बिटची कड निळी होते. स्वस्त बिट साध्या कार्बन पोलादाचे असते. ते एकदा निळे पडले की धार टिकत नाही, कितीही घासा. सागवान आणि फणसासाठी ३५ च्या बिटला ५०० ते ६००, २५ ला ७०० ते ९००, १५ ला १२०० ते १५०० फेऱ्या ठेवा. मधे टोक असलेली ब्रॅड पॉइंट बिटे मात्र वेगात खूश असतात: १० मि.मी.ला १५००, ६ ला २००० ते २५००. होल सॉ (गोल तुकडा कापणारी, डबीसारखी करवत) ५० मि.मी.चा असेल तर ४००, ७५ च्या पुढे ३०० किंवा त्याहून कमी.

दुकानात वेगाचा तक्ता नसेल तर टोपण उघडून पुल्या मोजा. मोटरच्या पुलीचा व्यास भागिले स्पिंडलच्या (चक फिरवणाऱ्या उभ्या दांड्याच्या) पुलीचा व्यास, गुणिले मोटरच्या फेऱ्या. १४४० ची मोटर, तिच्यावर ७५ मि.मी.ची पुली आणि स्पिंडलवर १५० ची, म्हणजे ७२० फेऱ्या. पट्ट्याच्या सर्वांत कमी वेगाच्या जोडीला इतक्याच फेऱ्या मिळत असतील तर हिंजची भोके जेमतेम निभतील, होल सॉ नाही. ‘पुढे लहान पुली बसवून देतो’ असे कोणी म्हटले तर लक्षात ठेवा की ए सेक्शनचा (एका ठरावीक मापाचा व्ही) पट्टा ७५ हून लहान पुलीवर फार वाकतो, तापतो आणि घसरतो. मधे तिसरी पुली असलेले, दोन पट्ट्यांचे मशीन खरे हळू चालते.

दुसरे माप खांबापासून बिटच्या मध्यापर्यंतचे. ३०० मि.मी. रुंद फळीच्या मध्यावर भोक हवे तर हे अंतर किमान १५० लागते. हलक्या आयात मशीनमध्ये ते १०० ते ११५ च्या आसपास असते. पाटाच्या मध्यावर पोहोचता येत नाही, हे घरी आणल्यावर कळून उपयोग नाही. परदेशी माहितीपत्रकात मोठा इंचांचा आकडा दिसला तर तो निम्मा करा. तिकडे खांबापासूनचे अंतर दुप्पट करून लिहिण्याची पद्धत आहे.

तिसरे, स्पिंडल खाली किती उतरते. हलक्या मशीनला ५० मि.मी., जड मशीनला ८० च्या आसपास. खाटेच्या ७५ मि.मी. जाड पायाला आरपार भोक पाडायचे असेल तर ५० मध्ये भोक अर्धवट असताना टेबल वर करावे लागते, आणि टेबल हलले की भोकाची सरळ रेष गेलीच.

चौथे, स्पिंडल डुगडुगते का. दुकानात जाताना ८ मि.मी.ची सरळ, गुळगुळीत पोलादी सळई न्या. ती चकमध्ये धरा, टेबलावर लाकडाचा ठोकळा शिकंजाने घट्ट बसवून त्यात ठोकलेल्या खिळ्याचे टोक सळईला जेमतेम टेकवा आणि मशीन बंद ठेवून चक हाताने फिरवा. फट उघडते-मिटते तिथे छपाईचा साधा कागद सरकवून बघा. कागद साधारण ०.१ मि.मी. जाड असतो. तो अडखळत गेला तर लाकडाला चालेल, सुळकन गेला तर दुसरे मशीन बघा. मग स्पिंडल पूर्ण खाली घेऊन चक हाताने पुढे-मागे, डावी-उजवीकडे ढकला. खटखट जाणवली तर ती स्पिंडलभोवतीच्या, वर-खाली सरकणाऱ्या नळीच्या ढिलाईची असते आणि ती नंतर दुरुस्त होणे कठीण.

या चारही गोष्टींत २० मि.मी.चे मशीन बहुधा सरस ठरते, म्हणून दुकानदाराचा निष्कर्ष अगदीच चुकीचा नाही, त्यामागचे त्याचे कारण तेवढे चुकीचे आहे. वीसच्या मशीनमध्ये दोन नंबर मोर्स टेपर (चक बसवायची निमुळती जोडणी) असतो, खांब जाड असतो, स्पिंडल जास्त खाली उतरते. पण ते मशीन मांगरापर्यंत न्यायचे कसे, हाही विचार करा. रस्त्यापासून चिऱ्याच्या पायऱ्या उतरून जायचे असेल तर चार माणसे आणि बांबू लागतील. तुमच्या कामाला आमची पसंती अशी: १३ मि.मी.चे, ओतीव लोखंडाचे जड देशी बांधणीचे मशीन, अर्धा हॉर्सपॉवर मोटर, खांब ६० मि.मी. किंवा जास्त, मध्यापर्यंतचे अंतर १५० च्या वर आणि कमीत कमी वेग ५०० किंवा त्याखाली. असे तेराचे मिळाले नाही, तरच वीसचे. जवळपास चांगले मशीन मिळाले नाही तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करा. तिथे ओतकामाची परंपराच आहे, आणि सुटे भागही तिथेच मिळतात.

टेबल लोखंडी आणि छोटे असेल तर चिंता नको. १८ मि.मी.च्या प्लायचे दोन थर चिकटवून ६०० बाय ३५० चे लाकडी टेबल त्यावर बोल्टने बसवा, मागे सरकती आडपट्टी आणि मधोमध बदलता येईल असा १०० मि.मी.चा चौकोनी तुकडा ठेवा. भोकाच्या खालच्या बाजूचे लाकूड फाटू नये म्हणून हा तुकडा ताजा, न भोसकलेला असावा लागतो. ऑटो हिंजसाठी आडपट्टी अशी लावा की भोकाचा काठ प्लायच्या कडेपासून ३ ते ६ मि.मी.वर येईल (नेमके माप हिंजसोबतच्या कागदावर असते), आणि खोली १२ मि.मी.ला अडकवा. खोली अडवणारा नट एकच असेल तर वर दुसरा नट घालून आवळा. एकटा नट थरथरून सैल होतो आणि दहाव्या दाराला भोक आरपार जाते.

हातातले ड्रिल बसवायचा स्टँड स्वस्तात मिळतो. तो घेतला तर चालेल का? – वाचक, अलिबाग

पडद्याच्या दांडीला, खुंटीला, बागेतल्या बाकाला चालेल. अचूक कामाला नाही. स्टँडचा सरकता भाग पत्र्याचा असतो, जोर दिला की पुढे झुकतो आणि भोक तिरके जाते. शिवाय बहुतेक स्टँडचे कडे ४३ मि.मी.च्या गळ्याचे असते, तुमच्या ड्रिलचा गळा तेवढा नसेल तर पट्टी गुंडाळून भागवावे लागते. तेवढे पैसे एखादे जुने पिलर ड्रिल घेण्यासाठी बाजूला ठेवा.

खेर्डीच्या एका वर्कशॉपमधले जुने २५ मि.मी.चे मशीन विकाऊ आहे. टेबलाला भोकेच भोके आहेत आणि २०२१ च्या पुरात ते बुडाले होते असे मालकाने स्वतःच सांगितले. घ्यावे का? – वाचक, चिपळूण

मालकाने पूर सांगितला हे बरे झाले. २२ जुलै २०२१ ला बुडालेली यंत्रे अजून रंग मारून फिरताहेत, आणि सगळेच विक्रेते ते सांगत नाहीत.

टेबलाच्या भोकांकडे दुर्लक्ष करा, उलट त्यावरून भाव पाडा. तुम्ही वर लाकडी टेबल बसवणार, ती भोके झाकली जातील. लोखंड काम करणारा गिऱ्हाईक अशा टेबलाला नाक मुरडतो, तेवढा तुमचा फायदा.

पुराचे पाणी कुठे शिरते ते बघा. आधी वायर काढा, पट्टा उतरवा आणि स्पिंडल हाताने फिरवा. खरखर आली तर बेअरिंग गेले. बेअरिंगच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, ६२०३, ६२०५ असा. तो कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळतो आणि खर्च मोठा नाही. नंतर स्पिंडल वर-खाली करून बघा. मधेच अडखळले तर नळीत वाशिष्ठी नदीचा गाळ वाळून बसला आहे. तो रॉकेलने धुऊन निघतो, पण गाळासकट मशीन वापरले गेले असेल तर त्याने नळी आणि ओतकाम दोन्ही घासलेले असते, म्हणून पूर्ण उतरवून ढिलाई तपासा. काही मशीनांच्या डोक्याला उभी चीर आणि आवळायचा बोल्ट असतो, तिथे थोडी ढिलाई घेता येते. चीर नसेल आणि खटखट असेल तर सोडून द्या.

मग चक काढा. वीस-पंचवीसच्या मशीनमध्ये नळीला आडवी खाच असते, तीत पाचर घालून हलका ठोका दिला की चक टेपरसकट खाली येतो. आत टॉर्च मारा. टेपरच्या भिंतीवर गोल रेघा खोल उमटल्या असतील तर आत टेपर घसरून फिरलेला आहे आणि नवा चकही तिथे सरळ बसणार नाही. वरवरचा गंज असेल तर त्या टेपरच्याच नंबरच्या, हाताने फिरवायच्या मोर्स रीमरने साफ होतो, पण अगदी हलक्या हाताने, गंज निघेल एवढाच. खांबावर टेबल चढवणाऱ्या दातेरी पट्टीचे दात आणि त्यात फिरणारे छोटे चक्र बघा, एक-दोन दात गेले असतील तर टेबल भाराखाली घसरेल.

मोटर बुडालेली असेल तर ती पुन्हा गुंडाळायचा खर्च भावातून वजा करा, चालू दिसली तरी. वर्कशॉपची मोटर बहुधा थ्री फेजची असते. पाटीवर २३०/४१५ व्होल्ट असे दोन्ही आकडे असतील तर घरच्या सिंगल फेजवर व्हीएफडी (सिंगल फेजवरून थ्री फेज देणारे, वेग बदलता येणारे यंत्र) लावून ती चालते. त्यासाठी मोटरच्या डब्यातली जोडणी स्टारची डेल्टा (गुंडाळ्या जोडायच्या या दोन पद्धती) करावी लागते, नाहीतर मोटर मरगळलेली फिरते. फक्त ४१५ स्टार असेल आणि डब्यात तीनच टोके असतील तर नवी सिंगल फेज मोटर घेणे सोपे. व्हीएफडीचा एक मोठा फायदा म्हणजे पट्टा न बदलता वेग कमी होतो. पण २० हर्ट्झच्या खाली फार वेळ चालवू नका. मोटरचा पंखाही तितकाच हळू फिरतो आणि ती तापते.

आमच्या कारखान्यात, म्हणजे पडवीत, संध्याकाळी मशीन सुरूच होत नाही, नुसते घुमते. पट्ट्याला हाताने धक्का दिला की चालते. दोनदा मोटर जळली. मोटर बदलूनही तेच. – वाचिका, गुहागर

आधी एक सांगतो: पट्ट्याला हाताने धक्का देणे आजच्या आज बंद करा. चालू मोटरच्या पट्ट्यात बोटे जाण्याची याहून खात्रीची रीत नाही.

तुमची मोटर बहुधा चांगली आहे, व्होल्टेज वाईट आहे. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० ऐवजी १८० मिळाले तर व्होल्टेज एकवीस-बावीस टक्क्यांनी कमी, पण जोर एकसष्ट टक्क्यांवर. संध्याकाळी वाडीतले पंप चालू झाले की हे होते. सिंगल फेज मोटरमध्ये सुरुवातीची वेगळी गुंडाळी आणि कपॅसिटर असतो. मोटरने साधारण पाऊण वेग पकडला की आतला स्विच ती गुंडाळी तोडतो. वेगच पकडला नाही तर ती गुंडाळी चालूच राहते आणि काही सेकंदांत जळते. तुमच्या दोन्ही मोटरी अशाच गेल्या असाव्यात.

त्यातून वायर बारीक असेल तर आणखी भर. समजा पडवी मीटरपासून ३० मीटर आहे आणि तार १ चौरस मि.मी.ची. वीज जाऊन-येऊन ६० मीटर चालते, तेवढ्या तांब्याचा रोध सुमारे १.१ ओहम. मोटरने सुरू होताना २० अँपिअर ओढले तर २२ व्होल्ट तारेतच संपले. तीच तार २.५ चौरस मि.मी.ची केली तर ९ व्होल्ट. म्हणून स्टॅबिलायझर घेण्याआधी मीटरपासून सरळ, मधे जोड नसलेली २.५ ची तार ओढा. सुरू करताना पट्टा सर्वांत कमी वेगाच्या जोडीवर ठेवा. तरी नुसते घुमले तर दोन सेकंदांत बंद करा, कपॅसिटर तपासा, आणि मशीन चालवायची वेळ सकाळची ठेवा.

स्विचही बदला. साध्या बटणाच्या मशीनची वीज गेली आणि तुम्ही बटण बंद करायला विसरलात तर वीज येताच चकमध्ये हात असतानाही ते फिरू लागते. पावसाळ्यात वीज दिवसात कितीदा ये-जा करते ते तुम्हाला सांगायला नको. नो-व्होल्ट रिलीजचा (वीज गेली की आपोआप बंद होणारा) पुश बटण स्टार्टर लावला की वीज आल्यावर हिरवे बटण पुन्हा दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. त्यातच मोटरच्या अँपिअरला जुळणारा ओव्हरलोड रिले घ्या. मोटर घुमत राहिली तर तो तोडतो. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती झाली की लाइन तोडणारा स्विच) हवाच. जांभ्या कातळात अर्थिंगचा खड्डा खोल जात नाही आणि एप्रिल-मेमध्ये जमीन पार कोरडी पडते, तेव्हा खड्ड्यात अधूनमधून पाणी घाला.

दरवर्षी पावसाळ्यात टेबल आणि खांब तांबडे होतात. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तेल लावले तर भुस्सा चिकटतो आणि लाकडाला डाग पडतात. – वाचक, वेंगुर्ला

तेल नको, मेण लावा. आगोटीच्या आधी, मे संपायच्या आत. पण त्याआधी एक पायरी लोक गाळतात: गोड्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळे लोखंड पुसायचे. खाऱ्या वाऱ्याने मीठ बसलेले असते आणि मीठ हवेतले पाणी ओढते. मिठावर मेण चढवले तर आतून गंज चालूच राहतो. लगेच कोरडे पुसा, गंज असेल तिथे रॉकेल आणि ४०० नंबरचा पॉलिश पेपर, पुन्हा कोरडे फडके, आणि मशीन उन्हात किंवा पंख्याखाली पूर्ण सुकू द्या.

मेण विकतचे पेस्ट वॅक्स चालेल. घरी करायचे तर १०० ग्रॅम पॅराफिन मेणाला पाव लिटर टर्पेंटाइन. मेणाचा डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून वितळवा, आच बंद करा, चुलीपासून लांब नेऊन मगच टर्पेंटाइन ओता. थेट आचेवर हे मिश्रण पेट घेते. पातळ थर लावा, पंधरा मिनिटांनी घासून पुसा, दुसऱ्या दिवशी दुसरा थर. पावसाळाभर तीन आठवड्यांनी एकदा. टेबलावर पाण्याचा थेंब टाकला आणि तो मण्यासारखा न राहता पसरला तर मेण संपले समजा. सिलिकॉनचा स्प्रे मात्र वापरू नका. तो लाकडाला लागला की पॉलिश तिथे धरत नाही, खड्डे पडतात.

तेल लागते ते आत. स्पिंडलच्या नळीला आणि चकच्या जबड्यांना दोन-दोन थेंब. टेपर साठवताना पातळ तेल चालते, पण वापरण्याआधी ते पूर्ण पुसायचे.

डागांचे कारण तेल कमी, लोखंड जास्त. ऐन आणि खैराच्या लाकडात टॅनिन भरपूर असते. ओल्या हवेत त्याचा लोखंडाशी संयोग झाला की निळसर-काळा डाग पडतो, फळीवर आणि टेबलावर दोन्हीकडे. म्हणून भुस्सा त्याच दिवशी ब्रशने झाडा, तो ओल धरून ठेवतो. मशीनवर प्लास्टिक झाकू नका. रात्री आत दव धरते आणि सकाळी ओघळ दिसतात. जुनी सुती चादर बरी. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे मशीन रिकामे चालवा म्हणजे मोटर गरम होऊन सुकते. चार महिने बंद राहिले असेल तर वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) इन्सुलेशन मोजून घ्या. १ मेगओहमच्या खाली असेल तर मोटर सुकवल्याशिवाय चालू करू नये. मोटरच्या जाळीत कुंभारीण माशीने मातीचे घरटे केले आहे का तेही बघा. कोकणात हवा अडल्याने जितक्या मोटरी तापतात, त्यातल्या काही या माशीच्या खात्यावर जातात.

चालू असताना चक अचानक निसटून टेबलावर पडला. चक खराब आहे का? – वाचक, कुडाळ

तुम्ही सँडिंगचा ड्रम किंवा राउटरचे बिट लावून फळी बाजूने घासत होता का? टेपर फक्त वरच्या दिशेचा दाब सहन करतो. बाजूने सतत जोर दिला की तो हळूहळू सैल होतो. मशीन ते काम करण्यासाठी नाही.

बाजूचा जोर नसतानाही निसटत असेल तर टेपरला तेल किंवा गंज आहे. दोन्ही भाग थिनरने पुसून कोरडे करा, बोट फिरवून कुठे चरा उठला आहे का बघा, उठला असेल तर बारीक तेलदगडाने तेवढाच घासा. जबडे पूर्ण आत घ्या, चक वर बसवा, टेबलावर लाकडी ठोकळा ठेवून स्पिंडल जोराने त्यावर दाबा, किंवा चकवर लाकडी हातोडीचा एक नेमका ठोका द्या. लोखंडी हातोडीने जबडे वाकतात.

३ फुटी फळीला भोक पाडताना ती हातातून हिसकली आणि गरकन फिरली. सुदैवाने लागले नाही. – वाचक, मालवण

बिट वरून पाहिल्यास घड्याळाच्या दिशेने फिरते, म्हणून अडकल्यावर फळीचे डावे टोक मागे, खांबाकडे जाते. फळी आधीच अशी ठेवा की तिची डावी बाजू खांबाच्या डाव्या अंगाला टेकेल. मग ती अडकली तरी खांबावर थांबते. छोटा तुकडा असेल तर शिकंजा लावलाच पाहिजे. गिरमिटासारखे स्क्रूचे टोक असलेले बिट पिलर ड्रिलला कधी लावू नका. ते स्वतःला तुमच्या हाताच्या गतीहून वेगाने आत खेचते आणि फळी उचलते. तसेच बिट वापरायचे असेल तर कानशीने त्या टोकाचे आटे घासून नुसता सुळका ठेवा. हातमोजे, सैल बाह्या, मनगटाला बांधलेला दोरा, हे सगळे मशीनजवळ येण्याआधी काढायचे.

सावंतवाडीच्या धर्तीवर लाकडी खेळणी करते. बैलगाडीची चाके होल सॉने कापते, पण काठ जळतात, आणि पांगाऱ्याच्या लाकडात आसाचे भोक केसाळ येते. – वाचिका, सावंतवाडी

दोन वेगळे रोग आहेत. काठ जळतो कारण होल सॉच्या दातांत भुस्सा अडकतो आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. चाकाची रेघ आखून घ्या आणि होल सॉ जिथून जाणार त्या वर्तुळाच्या बाहेरच्या अंगाला, कापाच्या वाटेत थोडे शिरेल असे, ८ मि.मी.चे एक आरपार भोक आधीच पाडा. भुस्सा त्यातून खाली पडतो. भोक बाहेरच्या अंगालाच हवे, नाहीतर चाकाला खाच पडेल. वेग ४०० च्या खाली, दर दोन-तीन मि.मी.ला बिट वर उचला, आणि अर्धे एका बाजूने, अर्धे उलटून दुसऱ्या बाजूने कापा. त्याने चाक सॉच्या आत अडकत नाही आणि काठही फाटत नाही. होल सॉच्या मधल्या बिटने पडलेले भोक, बहुधा ६ मि.मी.चे, तेच आसाचे भोक माना. नंतर वेगळे पाडायला गेलात तर चाक लंगडे चालते.

पांगारा हलका आणि तंतूमय. बोथट बिट तंतू कापत नाही, ते नुसते वाकवते. धारदार ब्रॅड पॉइंट लावा, कारण त्याच्या कडेचे दोन दात आधी वर्तुळ कापतात, मग मधले लाकूड निघते. इथे वेग जास्त हवा, ६ मि.मी.ला २५०० च्या आसपास, आणि हात हलका. लाकूड ओले असेल तर कोणतेही बिट केसच काढणार. जुलै-ऑगस्टमधला पांगारा घरात टांगून ठेवा आणि दिवाळीनंतर भोके पाडा.

जुन्या माडाच्या खोडाचे बाक करतोय. तीन भोकांत बिट बोथट होते. – वाचक, श्रीवर्धन

माडाच्या बाहेरच्या अंगाचे लाकूड घट्ट असते आणि त्यात सिलिका असते, म्हणजे वाळूच. हाय स्पीड स्टीलही तिथे लवकर हरते. टंगस्टन कार्बाइडच्या टोकाची बिटे घ्या, पण लाकडाची. भिंतीच्या बिटला धार नसते, ते कापत नाही, चिरडते. वेग निम्मा ठेवा आणि बिट सतत आत-बाहेर करा. भोक बाहेरून आत पाडत गेलात तर गाभ्यात शिरताच लाकूड एकदम मऊ लागते आणि बिट झपकन खाली जाते, म्हणून खोलीचा नट आधीच लावून ठेवा. आणि बोल्ट आवळताना वायसर मोठे, किमान ३० मि.मी.चे घाला. आतला मऊ भाग छोट्या वायसरखाली दबून बसतो आणि बाक दोन महिन्यांत डुगडुगू लागते.